उपवासकाळात रोज वचन का वाचतात?

यंदा, म्हणजे २०२६ च्या फेब्रुवारीत, मराठवाड्याने एकाच आठवड्यात तीन धर्मांचे उपवास पाहिले. १५ तारखेला महाशिवरात्र होती आणि वेरूळ, परळी व औंढा येथे दर्शनाच्या रांगा लागल्या; १८ तारखेला ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस, म्हणजे राखेचा बुधवार, आला; आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजेही सुरू झाले. महाशिवरात्र आणि रोजे आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्या बुधवारविषयी मात्र शेजारीपाजारी कुतूहलाने विचारतात, की कपाळावरची राख कशाची, मांसाहार बंद असतो का, आणि रोज सकाळी फोनवर बायबलमधला एक उतारा व त्याखाली दोन परिच्छेदांचे चिंतन फिरते, ते नेमके काय आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख करतात. कॅथलिक लोक राखेच्या बुधवारी आणि या काळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, आणि माझ्या मते उपवासकाळ समजून घ्यायचा असेल तर सुरुवात तेथूनच करायला हवी, कारण या काळाचा कणा अन्नत्याग नसून रोजचे वचन, म्हणजे बायबलमधला त्या दिवसाचा उतारा, हा आहे. अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही ही गोष्ट मागे पडली आहे, म्हणून हा लेख त्यांच्यासाठीही आहे.

चाळीस दिवस मोजायचे कसे?

उपवासकाळ, ज्याला इंग्रजी वळणाने लेंट म्हणतात, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या शनिवारपर्यंत चालतो. दिवस मोजले तर ते शेहेचाळीस भरतात. त्यांतील सहा रविवार वगळले की चाळीस उरतात. रविवार वगळण्याचे कारण असे, की प्रत्येक रविवार हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जातो आणि त्या दिवशी उपवास करत नाहीत. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासावरून आला, आणि त्यामागे बायबलच्या जुन्या करारातील सीनाय पर्वतावरील मोशेचे व होरेबकडे चालत गेलेल्या एलियाचे चाळीस दिवसही आहेत. ईस्टर २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी असतो, म्हणून सारा काळच पुढेमागे सरकतो. यंदाचा ईस्टर ५ एप्रिलचा.

रोजचा उतारा ठरवतो कोण?

पाळक किंवा फादर सकाळी उठून आपल्या आवडीचे वचन निवडतात, असा अनेकांचा समज असतो. कॅथलिक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तसे नसते. वर्षातील कोणत्या दिवशी पवित्र शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, कोणता भाग वाचायचा याचे कोष्टक मंडळीने ठरवलेले असते आणि त्याला वाचनक्रम म्हणतात. आजचा कॅथलिक वाचनक्रम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये तयार झाला. त्यात रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्राने फिरतात, म्हणजे एका वर्षी प्रामुख्याने मत्तयचे शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारे बायबलमधील पुस्तक), दुसऱ्या वर्षी मार्कचे, तिसऱ्या वर्षी लूकचे; यंदा मत्तयची पाळी आहे. उपवासकाळातील इतर वारांची वाचने मात्र दरवर्षी तीच असतात, आणि जुन्या करारातील एक भाग व शुभवर्तमानातील एक भाग यांची जोडी विचारपूर्वक लावलेली असते.

प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये एकच पद्धत नाही. १९९२ मध्ये अनेक मंडळ्यांनी मिळून रविवारचा एक सामायिक वाचनक्रम प्रसिद्ध केला, तो जगभर बराच वापरला जातो. रोजच्या वाचनासाठी कुठे पाळक उतारे ठरवतात, कुठे छापील पुस्तिका असते, आणि काही स्वतंत्र मंडळ्या उपवासकाळ पाळतच नाहीत. मराठवाड्यात हे सारे प्रकार एकमेकांच्या शेजारी नांदतात. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तिचा वारसा प्रोटेस्टंट आहे; औरंगाबाद हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. पुढे मी कॅथलिक वाचनक्रमातील उदाहरणे घेतो, कारण तो दिवसागणिक निश्चित आहे आणि कोणालाही ताडून पाहता येतो.

ही पद्धत आली कुठून?

चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून यरुशलेमला यात्रेला गेली आणि तेथे पाहिलेल्या उपासनेचे वर्णन तिने लिहून ठेवले. ईस्टरला ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असे, त्यांना त्याआधीचे कित्येक आठवडे बिशप रोज तीन तास शिकवत असत, आणि हे शिकवणे उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरू होऊन सबंध शास्त्रातून पुढे जात असे. रोजच्या वचनाचे मूळ या तयारीत आहे. मंडळीत येणाऱ्या नव्या माणसाला विश्वास समजावा म्हणून शास्त्र रोज उलगडून सांगितले जाई, आणि आधी बाप्तिस्मा झालेले लोकही शेजारी बसून ते पुन्हा ऐकत.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जे नियम लिहिले, त्यांच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात एक लहानशी सूचना आहे, जी मला फार मोलाची वाटते. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येक संन्याशाला एकेक पुस्तक द्यावे, आणि त्याने ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, काहीही न वगळता, वाचावे. एवढेच सांगून बेनेडिक्ट थांबत नाही. वाचनाच्या वेळी मठात फेरी मारून कोणी गप्पा मारत किंवा आळसात बसले आहे का, हे पाहण्याचे काम तो एकदोन ज्येष्ठांकडे सोपवतो. वाचन हा उपवासाचाच भाग होता, आणि त्यात टाळाटाळ होणार हे त्याला पक्के ठाऊक होते.

पहिला आठवडा : उपवासाचीच झडती

या काळाची खरी रचना पहिल्या आठवड्यात दिसते, म्हणून तेथे थोडे थांबू या. राखेच्या बुधवारी योएल संदेष्ट्याचा भाग वाचतात. योएलच्या पुस्तकाची पार्श्वभूमी टोळधाड आणि अवर्षणाची आहे. ढेकळांखाली बी वाळून गेले आहे, कोठारे ओस पडली आहेत, चारा नाही म्हणून गुरे हंबरत आहेत. मराठवाड्यातल्या कोणाही शेतकऱ्याला हे पान समजावून सांगावे लागत नाही. या संकटात संदेष्टा लोकांना उपवासाला बोलावतो, पण सोबत बजावतो, की वस्त्रे फाडू नका, अंतःकरणे फाडा.

दोन दिवसांनी, पहिल्या शुक्रवारी, यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय येतो आणि तेथे उपवासाची सरळ झडतीच सुरू होते. लोक देवाकडे तक्रार करतात, की आम्ही उपवास केला तरी तू पाहिले का नाहीस. देवाचे उत्तर असे, की उपवासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच धंदा साधता, आपल्या मजुरांना पिळता, भांडता आणि मारामारी करता. मग मला आवडणारा उपवास कोणता, तर अन्यायाची बंधने सोडावी, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्यावा, निराश्रिताला घरात घ्यावे, उघड्याला वस्त्र द्यावे आणि आपल्याच रक्ताच्या माणसाला तोंड चुकवू नये. उपवास सुरू होऊन तीन दिवसही झाले नाहीत, तोच मंडळी आपल्या लोकांना विचारते, की तू उपाशी आहेस हे खरे, पण तुझ्या हाताखालचा माणूस कसा आहे?

पुढच्या सोमवारी हा प्रश्न आणखी जवळ येतो. त्या दिवशी जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा वाचतात. चोरी करू नको, बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्यापुढे अडथळा ठेवू नको, न्याय करताना गरिबाची वा बड्याची भीड धरू नको, आणि रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ अडकवून ठेवू नको. त्याला जोडून मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग असतो, ज्यात भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस यांच्याशी जे केले ते माझ्याशीच केले, असे राजा म्हणतो. मंगळवारी यशया पाऊस आणि पेरणाऱ्याच्या बियाण्याविषयी बोलतो, आणि शुभवर्तमानात प्रभूची प्रार्थना येते, जिच्यात उपवास चालू असतानाही रोजची भाकर मागितलेली आहे. हा क्रम योगायोगाने लागलेला नाही. माणसाचे लक्ष स्वतःच्या ताटावरून उठून दुसऱ्याच्या ताटाकडे जावे, अशा बेताने तो लावलेला आहे.

चिंतन म्हणजे नेमके काय करायचे?

बाराव्या शतकातील गीगो या संन्याशाने चिंतनपूर्वक वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्या आजही वापरात आहेत. आधी उतारा सावकाश वाचायचा. मग त्यातील मनाला लागलेल्या शब्दांवर विचार करायचा. मग त्यावरून देवाशी बोलायचे. आणि शेवटी काही न बोलता त्याच्यासमोर शांत बसायचे. यात गूढ काही नाही, आणि पंधरा मिनिटांत ते होऊ शकते.

सोमवारचा मजुरीचाच भाग घेऊ. समजा, अंबड तालुक्यातील एका बागायतदाराने तो वाचला. त्याच्याकडे वर्षाच्या बोलीवर एक सालगडी आहे. सालगड्याचे वर्ष पाडव्याला संपते, आणि यंदाचा गुढीपाडवा १९ मार्चला, म्हणजे उपवासकाळातच, आहे. नुसते वाचन त्याला एवढेच सांगेल, की मजुरी वेळेवर द्यावी. विचार करू लागला की वहीतल्या नोंदी डोळ्यांपुढे येतील. पोराच्या दवाखान्यासाठी गड्याने घेतलेले पैसे उचल म्हणून मांडले आहेत, तो आजारी पडला त्या आठवड्याचे खाडे धरले आहेत, आणि पुढच्या सालाची बोली तो मान्य करीपर्यंत जुनी बाकी हातात द्यायची नाही असे मनाशी ठरले आहे. सकाळपर्यंत मजुरी अडकवू नको, ही आज्ञा आता त्या वहीच्या पानाविषयी बोलते. प्रार्थनेत तो याची क्षमा मागेल, शांत बसेल आणि उठून गड्याला हाक मारील, किंवा मारणार नाही; पण आपल्याला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही. हाच उतारा बीड जिल्ह्यातील ऊसतोडीचा एखादा मुकादम पट्टा पडण्याच्या, म्हणजे हंगाम संपण्याच्या, सुमारास वाचील, तेव्हा त्याच्यापुढे कोयत्यांचा हिशेब येईल. जो मजूरच आहे, त्याला हे वचन वेगळेच काही सांगेल. माझा घाम देवाच्या हिशेबात धरलेला आहे, हे ऐकणे त्याच्यासाठी लहान गोष्ट नाही.

दरवर्षी तेच उतारे, मग नवे काय कळणार?

ही शंका रास्त आहे. तिचे अर्धे उत्तर आपल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आहे, जेथे ज्ञानेश्वरीचे पारायण दरवर्षी होते आणि पुढची ओवी पाठ असलेली माणसेच सर्वांत मन लावून वाचतात. उरलेले अर्धे उत्तर एका उदाहरणाने देतो. उपवासकाळाच्या पहिल्या शनिवारी यशयाचा तोच अध्याय पुढे वाचतात. भुकेल्यासाठी जीव टाकशील तर तू भिजवलेल्या मळ्यासारखा होशील, पाणी कधी न आटणाऱ्या झऱ्यासारखा होशील, असे आश्वासन त्यात आहे. २०१६ मध्ये हा शनिवार १३ फेब्रुवारीला होता. त्या वर्षी लातूरचे पाणी संपत चालले होते, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. ज्या घरात नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नव्हते, तेथे न आटणारा झरा हे शब्द वाचताना आवाज कसा झाला असेल? त्या उन्हाळ्यात ज्याच्या विहिरीला पाणी होते, त्याला त्याच ओळीने शेजाऱ्याच्या घागरीची आठवण करून दिली असेल. वचन बदललेले नसते. त्या वर्षीचा पाऊस, घरातले दुखणे, फेडलेले वा थकलेले कर्ज, सोबत नसलेले माणूस हे सारे बदललेले असते, आणि ठरलेल्या दिवशी तेच वचन पुन्हा समोर आले म्हणजे मधल्या वर्षात आपण कुठून कुठे आलो हे कळते.

उपवास गुप्त ठेवा म्हणता, मग कपाळावर राख कशी?

राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात, त्यात येशू म्हणतो, की उपवास करताना तोंड उतरवून लोकांना दाखवू नका, डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा. आणि त्याच उपासनेत कपाळाला राख लावतात. विरोध उघड आहे, आणि मंडळीला तो दिसत नाही असे मुळीच नाही. त्या दिवशी हाच उतारा ठेवला आहे तो जाणूनबुजून. राख लावताना, तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असे म्हणतात, किंवा पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा, असे म्हणतात. आपण मरणार आहोत आणि चुकलो आहोत, या कबुलीत मिरवण्यासारखे काही नसते. तरीही कोणी राखेचा फोटो काढून मिरवू लागला, तर त्याला उत्तर द्यायला त्याच दिवसाचे वचन पुरे आहे.

बायबलमध्ये उपवासकाळ पाळा असे कुठे लिहिले आहे?

लिहिलेले नाही, आणि हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. १५२२ च्या उपवासकाळात झुरिच येथे काही जणांनी मुद्दाम मांसाचे सॉसेज खाल्ले, आणि सुधारक उलरिख झ्विंगली याने त्यांची बाजू घेऊन अन्नाच्या बाबतीत ख्रिस्ती माणूस मोकळा आहे असे प्रतिपादन केले. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मंडळीचा नियम देवाच्या आज्ञेच्या पंक्तीला बसवू नये. पण शास्त्रात आज्ञा नाही एवढ्यावरून चाळीस दिवस शास्त्र वाचणे अनावश्यक ठरत नाही. आपल्याकडे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये या दिवसांत संध्याकाळी घरोघरी प्रार्थना होतात; रोज वेगळ्या घरी सतरंजी अंथरली जाते, एक भजन होते, उतारा वाचला जातो आणि त्यावर कोणीतरी चार शब्द बोलते. तेथे मांसाहाराचा नियम कोणी विचारत नाही. वचन मात्र रोज असते.

ज्याच्या घरी आधीच अर्धपोटी, त्याने काय सोडायचे?

काहीच नाही. कॅथलिक नियमानुसार पूर्ण उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी बंधनकारक आहे, तोही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंत. त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते. आजारी माणसे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि अंगमेहनतीचे काम करणारे यांना परंपरेने सूट आहे. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आला आहे आणि त्याच्या जुन्या पिढ्यांनी दुष्काळातली उपासमार स्वतः भोगली आहे. अशा घराला भूक शिकवायला जाणे हा अपमान ठरेल. यशयाचा अध्याय वाचला तर उपवासाचा बोजा कोणाच्या खांद्यावर ठेवला आहे ते स्पष्ट दिसते. तो ज्याच्या घरात धान्य आहे, हाताखाली माणसे आहेत, त्याच्यावर आहे. वचन मात्र दोघांसाठी आहे, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते ऐकण्याची सोय एगेरियाच्या काळापासून आहे.

फोनवर आलेले चिंतन पुरते का?

सुरुवातीला पुरते, आणि परगावी कामाला गेलेल्या माणसासाठी तो मोठा आधार असतो. अडचण एवढीच, की फोनवर बहुधा एक ओळ आणि फुलांचे चित्र येते, उतारा येत नाही. एका ओळीवर विसंबण्यात काय धोका आहे, हे उपवासकाळाच्या पहिल्याच रविवारी वाचले जाते. अरण्यात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सांगतो, तेव्हा सैतान एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातील ओळ अचूक उद्धृत करतो. ओळ खरी आहे. ती तोडून वेगळ्याच कामाला लावली आहे. येशू तिन्ही मोहांना जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातील वचनांनी उत्तर देतो, आणि ही वचने इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या अरण्यवासाविषयीच्या भागातली आहेत, म्हणजे स्वतः अरण्यात उभा असताना तो त्या सबंध कथेच्या आधारे बोलतो. म्हणून डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ती ओळ आपल्यासाठी आहे असे मानायचे, ही काही घरांतली सवय सोडलेली बरी. आधी ठरलेला उतारा बायबलमधून पूर्ण वाचावा, त्याच्या मागचापुढचा भाग पाहावा, आणि मग दुसऱ्याने लिहिलेले चिंतन वाचावे.

मध्येच सुरुवात करणाऱ्यालाही वाट मोकळी आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शनिवारी उधळ्या पुत्राची कथा येते, तिसऱ्या मंगळवारी क्षमा न करणाऱ्या चाकराची. यंदा तिसऱ्या रविवारी विहिरीवरची शोमरोनी स्त्री आहे, चौथ्या रविवारी जन्मांध माणूस आणि पाचव्या रविवारी येशूने मरणातून उठवलेला लाजर. पाणी, प्रकाश आणि जीवन असा हा क्रम प्राचीन काळी बाप्तिस्म्याच्या उमेदवारांसाठी लावलेला होता. चौथ्या आठवड्याच्या सोमवारपासून योहानाचे शुभवर्तमान जवळजवळ सलग चालते, गुड फ्रायडेला त्यातील दुःखसहनाचे दोन अध्याय पूर्ण वाचतात, आणि शनिवारी रात्रीच्या जागरणात जुन्या करारातील सात वाचने असतात, ज्यांतले पहिले उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे असते.